लोखंडाचा निषेध

शनिवार, १७ जानेवारी २०२६

रथाचा पुढचा कणा, चाकांचा आस, तडकला!

सिद्धाप्पा सांगून गेले. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आले होते. तेथून थेट माझ्याकडे, जुळे सोलापुरात. पिशवीभर हुरडा आणि ही वार्ता. मैंदर्गीच्या पलीकडे आमचे मूळ गाव. तेथल्या मल्लय्याच्या, म्हणजे शिवाच्या, यात्रा-समितीचे ते प्रमुख. रथ माझ्या वडिलांच्या, कुंडलिक सुतारांच्या, हातचा. आम्ही पांचाळ — गळ्यात जानवे, हातात पटाशी. बाबा युद्धाच्या काळात मुंबईला बोटी बांधायला गेले. युद्ध संपले, परतले आणि पहिले काम म्हणून हा रथ केला. त्यात लोखंडाचा एक खिळा नाही. लाकडाच्या खुंट्या, तांब्याच्या पट्ट्या. माझ्या हाती मात्र पटाशी आली नाही; शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले.

आजचा सुतार तिप्पण्णा म्हणतो, एवढ्या जाडीचे निर्दोष लाकूड आता मिळत नाही, लोखंडी कणा घाला. समिती म्हणते, मल्लय्याच्या रथाला लोखंड चालत नाही. म्हणून शास्त्रार्थ माझ्याकडे.

"गुरुजी, तुमी म्हनाल ते. पन शास्त्रात असंल तेच सांगा. उगं ॲडजस्ट करू नगा."

पाहतो म्हणालो. यात्रा महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी.

रविवार, १८ जानेवारी. अमावास्या

संध्या आटोपून ग्रंथ काढले. रथाची प्रमाणे आहेत, चाकांची आहेत, कोणते काष्ठ ग्राह्य आणि कोणते त्याज्य याची दीर्घ चर्चा आहे. लोखंडाचा निषेध अद्याप सापडला नाही. डोळे लवकर थकतात.

बुधवार, २१ जानेवारी

नाही. कोठेच नाही.

निषेध म्हटला की त्याला मूळ हवे. श्रुती हवी, स्मृती हवी, निदान शिष्टांचा अखंड आचार हवा. आचार आहे — पण तो माझ्या डोळ्यांदेखत सुरू झालेला! आधीच्या रथाच्या चाकांना लोखंडी धावा होत्या, असे आजी सांगे.

मूळ एकच सापडते, आणि ते ग्रंथात नाही. रथ उभा राहत होता तेव्हा मी लहान होतो, भुशात खेळत असे. लोहार खिळ्यांची पाटी घेऊन आला, तेव्हा बाबांनी ती परत धाडली. म्हणाले, "लोखंड न्हाय. लोखंड आलं की खालचा जागा हुतो."

खालचा म्हणजे कोण, हे कोणी विचारले नाही. बाबा फारसे बोलतही नसत. मुंबईच्या कामाविषयी बाहेर बोलायचे नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती आणि ती त्यांनी मरेपर्यंत पाळली. गावाने आपले ठरवून टाकले — रथाच्या वाटेखाली नाग निजला आहे. पुढे मी प्रवचनांतून लोखंडाला तमोगुण म्हटले, खालच्याला सुप्त वासना म्हटले. लोक माना डोलावत. अर्थ सुंदर होता. परंतु अर्थवाद, म्हणजे स्तुतीपर स्पष्टीकरण, सुंदर असला म्हणून विधी सिद्ध होत नाही. एवढे तरी मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

गावच्या बसव्वाचा फोन. तिचा मुलगा भीमा रथाच्या पुढच्या चाकाशी वाकून चालतो. चाकाखाली लाकडी पाचर सरकवून रथ वळवायचा, थोपवायचा — हा त्या घराचा मान.

"गुरुजी, कणा मोडला तर आदी कोन जानार? सिद्धाप्पा तर वर बसून हर हर म्हनतोय!"

या वर्षी दुसरा माणूस द्यावा, असे मी सुचवले.

"दुसऱ्याला आई नसती व्हय?"



"तुमचं पुस्तक जरा बिगीबिगी वाचा," म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवार, २५ जानेवारी. रथसप्तमी

पूनम आली. नात. पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीच्या एका कारखान्यात आराखडे तपासते. उद्याची सुटी जोडून दोन दिवस राहणार.

दुपारी जेवताना रथाचा विषय निघाला. लहानपणानंतर ती यात्रेला गेलेली नाही. म्हणून मी नियम सांगू लागलो. रथात लोखंड नको. रथापुढे चालणाऱ्याने कोयता, अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगासुद्धा घरी ठेवावा. चपलेला नाल नको. सर्वांत पुढे एकाने लांब दोर ओढीत चालावे. दोराच्या टोकाला लाकडाचा मासा, तो बाजूला तिरका घसटत यावा. मल्लय्यापुढे मासा कसा, असे कोणी विचारले तर मी मत्स्यावताराशी त्याची संगती लावून देत असे. हरिहरांचे ऐक्य.

पूनमचा घास हातातच राहिला.

"आबा, पणजोबा मुंबईत कसल्या बोटी बांधत होते?"

"लाकडी."

"युद्धात? लाकडी?" आणि ती हसायलाच लागली. "आबा, तो मासा नाही हो! तो तरंगा आहे. तुमचा रथ सुरुंग काढणारी बोट आहे!"

मी ताक प्यालो. मग म्हणालो, नीट सांग.

सोमवार, २६ जानेवारी

तिने सांगितले ते असे.

युद्धात शत्रू बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरीत असे. काही सुरुंग साखळीने तळाशी बांधून पाण्यात अधांतरी ठेवलेले. ते कापायला बोटीमागून तार ओढायची; तार बाजूला ताणून राहावी म्हणून तिच्या टोकाला माशाच्या आकाराचा तरंगा. दुसरे सुरुंग अधिक कपटी. ते तळाशी स्वस्थ पडून राहत आणि वरून लोखंड गेले की त्यांना त्याच्या चुंबकत्वाची चाहूल लागे. ते जागे होत.

"जागे होत" — हा शब्द तिचा. मी तिला बाबांचे वाक्य सांगितलेले नव्हते.

म्हणून त्या बोटी लाकडाच्या. सांधे खुंट्यांचे, खिळे तांब्या-पितळेचे. आणि त्यांचे काम काय, तर जेथे धोका आहे तेथे सर्वांच्या आधी जायचे. त्यांच्या मागून मोठी जहाजे. अशा बोटी युद्धात आपल्याकडच्या गोद्यांतही बांधल्या गेल्या, म्हणाली. त्यासाठी लाकूडकाम जाणणारी माणसे हवी होती.

बाबा त्या माणसांत होते. समुद्रावर कधी गेले नाहीत. काठावर बसून रंधा मारला, पटाशी चालवली. आपली बोट पाण्यात उतरताना पाहिली असेल. ती पुढे कोठे गेली, कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

गावी आल्यावर त्यांनी रथ केला. ज्या नियमांनी बोट केली, त्याच नियमांनी. नियम तेवढे बोलले. कारण बोलायची मनाई होती.

मंगळवार, २७ जानेवारी

पूनम पहाटेच्या गाडीने गेली. रविवारी गावी जायला पुन्हा येईन म्हणाली.

तिच्या कचेरीत हिंदीत या बोटीस सुरंग-मार्जक म्हणतात. मार्जन! रोज संध्येत दर्भाने अंगावर पाणी शिंपडतो, तेही मार्जन. मृज् हा धातू एकच. मी पाण्याने स्वतःला पुसतो. ती बोट पाणीच पुसते. सकाळी पळी हातात घेतली आणि हा विचार आला. क्रम चुकला. पुन्हा पहिल्यापासून संध्या केली.

गुरुवार, २९ जानेवारी. एकादशी

बसव्वाचा पुन्हा फोन. वाचून झाले का?

झाले, म्हणालो.

रविवार, १ फेब्रुवारी. माघी पौर्णिमा

पूनमसह गावी जाऊन आलो. थकलो आहे, तरी आजच लिहून ठेवतो.

आधी रथ पाहिला. तिप्पण्णाने बॅटरीच्या उजेडात कणा दाखवला. तडा मधोमध, आतून बाहेर आलेला. त्यात बोट जाते. "वरनं भार आला तर असा फुटतो का? मला तर कळंना," असे तो पुटपुटला. भीमा शेजारी उकिडवा बसला होता. धिप्पाड, अबोल गडी. मी विचारले, भीती वाटत नाही का?

"वाटतीया की. पन पाचर तर लावाय पायजे."

मग देवळासमोर सभा. पुरुष पारावर, बायका ओसरीवर. मी सर्व सांगितले. निषेध शास्त्रात नाही. तो मुंबईच्या गोदीतला आहे. समुद्रातल्या सुरुंगांसाठी होता.

"समुद्रात सुरुंग?" सिद्धाप्पा. "तितं कशाला? विहीर पाडायची हुती का?"

सगळा पार हसला. आमच्याकडे सुरुंग म्हणजे विहिरीतला खडक फोडायचा. दुसरा सुरुंग त्यांना ठाऊक नाही. पूनमने मातीत काडीने बोट काढून दाखवली, तळाशी गोळा काढला, तार काढली, मासा काढला.

तिप्पण्णा वाकून बघत होता. "म्हंजे तो मासा न्हाय?"

"तरंगा आहे, काका."

"आन् आमी त्याला हळदीकुकू लावतोय!"

पुन्हा हशा. तो ओसरल्यावर सिद्धाप्पा माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुमीच सांगितलं हुतं की — लोखंड म्हंजे तमोगुन. मग आता तमोगुन चालतोय व्हय?"

"ते माझे व्याख्यान होते. शास्त्र नव्हे."

"असू द्या. शास्त्रात नसंल. पन कुंडलिकअण्णा सांगून गेल्यात ते सांगून गेल्यात. त्यांनी बोटीसाठी सांगितलं का रथासाठी, ते आमाला काय करायचंय? एवढ्या वर्सांत रथाला काय झालं का? मग! खालचा हाय का न्हाय हे तुमाला तरी कुटं दिसलंय?"

हा युक्तिवाद वाईट नव्हता. ज्याचे मूळ शास्त्रात नाही ते शास्त्राने खोडताही येत नाही, हे तेथे, पारावर बसून, प्रथम माझ्या लक्षात आले. सभा त्यांच्या बाजूला झुकली. यंदा रथ हळू ओढावा, एवढ्यावर मिटणार असे दिसू लागले. भीमा उठून चपला शोधू लागला.

तेव्हा ओसरीवरून बसव्वा बोलली. उभीही राहिली नाही.

"खालचा जागा हू दे, न्हायतर निजू दे. माझा वरचा एकच हाय."

 

मग सिद्धाप्पांनी टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. पूनमला म्हणाले, "बाई, एक सांग मला. त्या बोटीला इंजन हुतं की न्हाय?"

"होतं की."

"मग इंजन काय लाकडाचं असतंय?"

पूनम चमकली. मीही. तो प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

तिने सांगितले — इंजिन लोखंडाचेच. काही बोटी तर पूर्ण पोलादी. मग बोटीच्या पोटाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे देत, त्यांतून वीज खेळवीत, म्हणजे लोखंडाचे चुंबकत्व झाकले जाई आणि खाली चाहूल लागत नसे.

"तांबं?" सिद्धाप्पा ताठ बसले. "म्हंजे लोखंडाला तांबं गुंडाळलं की चालत हुतं?"

"नुसतं तांबं नाही, काका. वीज लागते."

"वीज हाय की! रथावर लायटिंग हाय, जनरेटर हाय!"

पूनमने माझ्याकडे पाहिले. मी स्पष्ट केले की, येथे जमिनीखाली सुरुंग नाहीत, म्हणून विजेची गरज नाही. आणि वास्तविक तांब्याचीही नाही. हे मी दोनदा सांगितले. परंतु तोवर तिप्पण्णा तारेची जाडी बोटांनी दाखवू लागला होता, आणि कुंडलिकअण्णांच्याच बोटीत ही तोड होती म्हटल्यावर विरोध करायला कोणी उरले नव्हते. ठरले. लोखंडी कणा, त्यावर तांब्याचे वेढे.

या निर्णयात माझा वाटा किती, हे सांगता येत नाही.

परतताना पूनम म्हणाली, "आबा, त्यांनी चुकीचंच समजून घेतलं."

"कणा तर बरोबर बसतो आहे."

 वळसंग गाव मागे पडल्यावर ती झोपी गेली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

एक गोष्ट मनातून जात नाही. इतकी वर्षे मी त्या वाक्यात तत्त्वज्ञान शोधले, आणि बाबांनी ते अक्षरशः म्हटले होते. लोखंड म्हणजे लोखंड. खालचा म्हणजे खालचा. व्याख्याकाराने मुख्य अर्थाला बाध आल्याशिवाय लक्षणेकडे, म्हणजे सूचित अर्थाकडे, वळू नये — पहिला धडा. मुख्य अर्थ समुद्रात होता. सोलापुरात बसून तो कसा दिसावा?

मंगळवार, १० फेब्रुवारी

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात कणा तयार झाला. तिप्पण्णा टेम्पोतून नेताना मला दाखवायला घरी थांबला. चकचकीत, थंड, निर्विकार वस्तू. सूनबाईने तिला कुंकू लावले. मी अडवले नाही.

तिप्पण्णा म्हणाला, "अण्णांच्या जुन्या लाकडी कन्याला हात लावताना लई वाईट वाटतंय बगा. त्यांच्यानंतर कुनीच तो काढला न्हवता."

रविवार, १५ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपवास. अभिषेक. उद्याची गाडी सकाळी.

सोमवार, १६ फेब्रुवारी

रथ निघाला, फिरला, परतला.

चावडीच्या वळणावर नेहमी कसोटी असते. रस्ता उतरता आणि गर्दी दाट. भीमा वाकला, पाचर सरकवली, चाक तिच्यावर चढले, रथ कलला, वळला. कण्याचा आवाज नाही. सूर्य तांब्यावर पडला होता. लोकांनी तांब्यालाही हात लावून डोळ्यांना लावला. एक तरुण पुजारी कोणाला तरी सांगत होता की, तांबे हा सत्त्वगुण. मी माझीच रीत ओळखली नाही असे दाखवून पुढे गेलो.

देवळापाशी बसव्वा भेटली. घामाने निथळत होती. रथासोबत सगळी वाट चालली होती.

"मल्लय्याचं दर्शनच राहिलं बगा, गुरुजी. म्या चाकच बगत हुते."

"आता घ्या."

"आता घेते की. आता निवांत घेते."

भीमाने माझ्या पायांवर डोके ठेवले. हातांवर लाकडाचा भुगा होता. मल्लय्या त्याला शतायुषी करो.

मंगळवार, ३ मार्च. फाल्गुन पौर्णिमा

ग्रंथ पुन्हा बासनात बांधले. प्रकरण संपले. पूनमला बाबांची जुनी पटाशी हवी आहे; पुढच्या वेळी येईल तेव्हा देणार.

बुधवार, ११ मार्च

तिप्पण्णाचा फोन. आवाज बदललेला.

जुन्या कण्याचे देवळासाठी पाट करायचे ठरले होते. करवत निम्म्यात गेली आणि तिचे दात उडाले. त्याने कणा फोडून पाहिला. तड्याच्या बरोबर मध्ये वीतभर लांबीचा लोखंडी बोल्ट! लाकूड गाठीपाशी उललेले होते, ते आवळायला घातलेला. वर लाकडाची गुडदी मारून ती रंध्याने इतकी बेमालूम घासली आहे की, बाहेरून रेघही दिसत नव्हती. असे काम गावात एकाच हाताचे होते. आत पाणी मुरले, बोल्ट गंजून फुगला. कणा त्यानेच फुटला.

"गुरुजी, रथात लोखंड पयल्यापासनंच हुतं. हे कुनाला दाखवू का नको?"



म्हणालो, भीमाला दाखव. आधी भीमाला; चाकाखाली पाचर तोच लावतो.